झोळीतली झोप

वैद्याने स्वतःच्या दुखण्याची कहाणी पेशंटांना ऐकवू नये, असा एक संकेत आहे. आज तो मोडतो आहे. गेल्या महिन्याभरात तिघा-चौघांनी तपासणी झाल्यावर, खुर्चीतून उठता उठता, एकच प्रश्न केला, "डॉक्टर, तुम्ही म्हणे रानात झाडाला झोळी बांधून झोपता? पाठ नाही का हो धरत?" प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धेमुर्धे उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे म्हटले.

पाठ धरत होती, म्हणूनच तर हा उद्योग सुरू झाला. थंडीच्या दिवसांत दोन-तीनदा डोंगरात मुक्काम करायचा, ही आमच्या गटाची जुनी सवय. पन्नाशीपर्यंत खाली सतरंजी आणि अंगावर घोंगडी एवढ्यावर भागत असे. पुढे मात्र सकाळी उठणे हाच एक कार्यक्रम होऊन बसला. आधी कूस बदलायची, मग गुडघे टेकायचे, मग हाताचा टेकू, आणि मी सरळ उभा राहीपर्यंत बाकीच्यांचा चहा संपलेला. कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधले अंतर कमी झाले आहे, हे एक्स-रेत दिसतच होते. शेवटी एका वर्षी मी मुक्काम सोडला आणि संध्याकाळी परत येऊ लागलो. गड चढणे सुटले असते तरी एवढे वाईट वाटले नसते. शेकोटीजवळच्या गप्पा सुटल्या, ते फार लागले.

पाठदुखीच्या माणसाने कडक फळीवर निजावे, असे आम्ही डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षे सांगत आलो. मीही सांगितले आहे. पण स्पेनमध्ये ३१३ पाठदुखीग्रस्तांवर झालेली एक चाचणी २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यात काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. तीन महिन्यांनी मध्यम कडक गादीवाल्यांची तक्रार अधिक कमी झालेली आढळली. तेव्हा दगडासारख्या जमिनीवर निजून पाठ सुधारते, हा समज आता सोडायला हरकत नाही. अर्थात झोळीने पाठदुखी बरी होते असे कुणी म्हणाले, तर त्यावरही विश्वास ठेवू नका. झोळी हा इलाज नव्हे. ते अंथरूण आहे, आणि ते नीट घालता आले पाहिजे.

ही झोळी, म्हणजे इंग्रजीतला हॅमॉक, माझ्याकडे पुतण्यामुळे आली. तो पुण्याला नोकरीला असतो. पॅराशूटसारख्या पातळ नायलॉनचे, नारळाएवढे गाठोडे त्याने हातात ठेवले आणि म्हणाला, "काका, आता मुक्काम टाळायचं कारण नाही." आमच्या सौभाग्यवतींनी ते उलगडून पाहिले आणि म्हणाल्या, "वानप्रस्थाचं ऐकलं होतं, तुम्ही एकदम झोळीच घेतलीत!"

डिसेंबरात आम्ही साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला गेलो. समोर कोयनेचा शिवसागर आणि पलीकडे वासोट्याचे रान. वासोट्याला वनखात्याची परवानगी काढून दिवसाच जाऊन यावे लागते, वर मुक्कामाला बंदी आहे. म्हणून अलीकडे ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानात, त्याला विचारून, पाल ठोकले. एक आंबा आणि एक जांभूळ यांच्यामध्ये मी माझी झोळी बांधली. आता चूक कुठे झाली ती पाहा. घरातली बाज सैल झाली की आपण पायथ्याची दोरी ओढून ती ताठ करतो. सैल बाजेवर कंबर मोडते, हे लहानपणापासूनचे ज्ञान. त्याच ज्ञानाने मी झोळी दोन्ही बाजूंनी जोर लावून ताणली. सतारीच्या तारेसारखी ताठ झाली, तेव्हा कुठे समाधान वाटले.

आत शिरल्यावर समाधान संपले. ताणलेल्या कापडाच्या दोन्ही कडा खांद्यांना आवळू लागल्या. मधल्या रेघेवर सरळ निजलो, तर अंगाचे केळे झाले: डोके वर, पाय वर, कंबर खाली, आणि गुडघे उलट्या बाजूला दाबले जाताहेत. कुशीवर वळायला गेलो, तर सगळी झोळीच उलटायला निघाली. मध्यरात्रीनंतर पाण्यावरून वारा सुटला. अंगावर दोन पांघरुणे होती, पण थंडी खालून येत होती. पाठीखाली बर्फाची लादी ठेवावी तसे वाटत होते. पहाटे तीनच्या सुमाराला लघवीला उठायचे म्हणून एक पाय बाहेर काढला आणि दुसऱ्या क्षणी मी जमिनीवर होतो. सरळ माकडहाडावर. पुतण्या टॉर्च घेऊन धावत आला. "काका, लागलं का?" लागले होतेच. पुढचे तीन आठवडे दवाखान्यातल्या खुर्चीवर मध्ये भोक असलेली उशी घेऊन बसलो, आणि प्रत्येक पेशंट आधी उशीकडे व मग माझ्याकडे पाही.

तेव्हाच झोळी माळ्यावर गेली असती. पण जमिनीवर परत जायचे, तर माझ्या मनात आणखी एक भीती आहे, आणि ती पाठीची नाही.

व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत, पावसाळ्यात, एका शेतकऱ्याला पहाटे बैलगाडीतून माझ्याकडे आणले होते. तक्रार काय, तर पोटात दुखते आणि घसा आवळल्यासारखा वाटतो. अंगावर कुठे सूज नाही, खूण नाही. पापण्या मात्र जड होऊन खाली येत होत्या. तो वस्तीवरच्या झोपडीत जमिनीवर निजला होता, एवढे कळले आणि मला मण्यारीचा संशय आला. लगेच गाडी करून त्याला मोठ्या रुग्णालयात धाडले. प्रतिविष मिळाले, श्वासासाठी यंत्र मिळाले, माणूस वाचला. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला अंथरुणात चावते. दंश इतका हलका, की पुष्कळदा झोपही मोडत नाही. तेव्हा रानात किंवा वस्तीवर जमिनीवर निजलेल्या माणसाला पहाटे विनाकारण पोटदुखी, उलटी, पापण्या मिटणे, बोलताना जीभ जड होणे असे काही झाले, तर दंशाची खूण शोधत बसू नका. कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. जिथे प्रतिविष आणि श्वासाचे यंत्र आहे तिथे गाठा. जमिनीपासून हातभर उंच निजणे हा मण्यार टाळण्याचा साधा उपाय आहे. चेनने पूर्ण बंद होणारा तंबूही चालतो, पण तो वाहून न्यावा लागतो आणि त्याला सपाट जागा लागते. पावसाळ्यानंतर गवत-झुडपांत असणाऱ्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग अंगावर दिसतो, तोच हा. गवतात लोळणे कमी झाले, तर त्याचाही धोका कमी होतो.

असो. माकडहाड बरे झाल्यावर मी झोळीचा अभ्यास सुरू केला.

ही वस्तू मुळात वेस्ट इंडिज बेटांवरच्या ताइनो लोकांची. १४९२ साली कोलंबस तिथे पोहोचला, तेव्हा तिथली माणसे अशा झोळ्यांत निजताना त्याने पाहिली. पुढे युरोपच्या जहाजांवर ती पसरली, कारण जहाज हेलकावले तरी झोळीतला खलाशी खाली पडत नसे. मेक्सिकोच्या युकातान भागात आणि ब्राझीलच्या ईशान्येला अनेक घरांत आजही रोजचे अंथरूण म्हणून झोळीच टांगलेली असते. ती माणसे आयुष्यभर झोळीत निजतात आणि त्यांची केळी होत नाहीत, याचे कारण एवढेच, की ती झोळी सैल बांधतात आणि तिच्यात तिरकी निजतात.

सगळी मेख या दोन शब्दांत आहे: सैल आणि तिरके. बाजेचे ज्ञान इथे उलटे करायचे. झोळी सैल असली, की कापडाला रुंदी मिळते. मग मधल्या रेघेवर न निजता डोके दीड वीत डावीकडे आणि पाय तेवढेच उजवीकडे सरकवले, की खालचे कापड आपोआप सपाट होते. पहिल्यांदा हे केले तेव्हा माझा विश्वास बसेना. गुडघ्यांवरचा ताण गेला, खांदे मोकळे झाले, थोडे कुशीवरही वळता आले. पालथे निजणाऱ्यांना मात्र झोळीचा उपयोग नाही. त्यांनी हा नाद सोडावा.

किती सैल, याचेही गणित आहे. झोळीची दोरी झाडापासून खाली येताना आडव्या रेषेशी साधारण ३० अंशांचा कोन करायला हवी. त्यासाठी कोनमापक नको. अंगठा व तर्जनी काटकोनात ताणा, तर्जनी जमिनीला समांतर धरा आणि अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत एक रेघ कल्पा. दोरीचा उतार त्या रेघेसारखा दिसला, की झाले. याला आणखी एक महत्त्वाचे कारण आहे. माझे वजन ७२ किलो. ३० अंशांच्या कोनात प्रत्येक दोरीवर ७२ किलोंचाच ताण येतो. झोळी ताणून कोन १० अंशांवर आणला, तर तोच ताण दोनशे किलोंच्या वर जातो, आणि ५ अंशांवर चारशेच्या वर. डिसेंबरात मी सतारीची तार केली होती, तेव्हा त्या बिचाऱ्या जांभळीवर काय ओढ बसली असेल! म्हणूनच अंगणातल्या एकट्या विटांच्या खांबाला किंवा गच्चीच्या कठड्याला झोळी कधीही बांधू नका. वरून आलेले वजन तो पेलतो, आडवी ओढ पेलण्यासाठी तो बांधलेला नसतो. खांब कोसळून त्याखाली मुले सापडण्याचे अपघात झाले आहेत.

झाडे जिवंत, मांडीपेक्षा जाड बुंध्याची आणि पाच-सहा पावलांच्या अंतरावर असावीत. शेवगा, पांगारा ही ठिसूळ झाडे नकोत. नारळाखाली निजू नये, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. बांधण्याआधी मान वर करून दोन गोष्टी पाहायच्या: वाळलेली फांदी आणि आग्या मोहोळ. मोहोळ असेल तर तिथे शेकोटीसुद्धा पेटवायची नाही. आंब्यावर पानांची घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या असतील, तर त्या दोरीवरून थेट तुमच्या कानापर्यंत येतात. हे मी वाचून सांगत नाही. बुंध्याभोवती दोरी न बांधता पलंगाला लावतात तशी रुंद, मजबूत पट्टी गुंडाळावी. सालीला काचत नाही आणि घसरत नाही. पट्टी साधारण आपल्या डोक्याइतक्या उंचीवर, पायाकडची वीतभर आणखी वर, म्हणजे रात्री अंग पायाकडे घसरत नाही. आपण मध्ये बसल्यावर बैठक खुर्चीएवढ्या उंचीवर आली पाहिजे. त्याहून उंच बांधण्यात काही पराक्रम नाही. खालची जागा दगड, खुंट, काटे काढून साफ करावी. माझे माकडहाड वाचले ते खाली भुसभुशीत माती होती म्हणून.

कापड अकरा फूट लांब आणि पाच-सहा फूट रुंद असावे. बाजारात मिळणाऱ्या आखूड झोळ्यांत तिरके निजायला जागाच उरत नाही, आणि दोन टोकांना लाकडी दांडी लावलेल्या जाळीच्या झोळ्या दिसायला छान, पण लगेच उलटतात. सोलापुरी चादर पांघरायला उत्तम, टांगायला नव्हे.

आता थंडीचे. हे मला सगळ्यात उशिरा समजले. पांघरूण ऊब देते ते त्यात अडकलेल्या हवेमुळे. झोळीत आपल्या अंगाखालचे पांघरूण दाबले जाते, हवा निघून जाते, आणि खालून वारा मोकळा वाहत असतो. म्हणून वर कितीही घाला, पाठ गारच. ट्रेकवाल्यांची कॅरीमॅट पाठीखाली घातली की अर्धे काम होते, पण ती सारखी सरकते. उरलेले काम आमच्याकडे घोंगडीने केले. घोंगडीच्या चार कोपऱ्यांना नाड्या शिवल्या आणि ती झोळीच्या बाहेरून, खालच्या बाजूने, कापडाला लागेल न लागेल अशी टांगली. अंगाखाली दबत नाही आणि वारा अडवते. परदेशात यासाठी खास रजया मिळतात. माण-खटावच्या धनगरी घोंगडीने मला तरी त्यांची गरज वाटू दिलेली नाही. डोक्याला माकडटोपी हवीच. पाण्याच्या काठी दंव फार पडते, तेव्हा वर ताडपत्रीही हवी. आणि पट्टीवर, ताडपत्रीच्या आत, सुतळीचा एक तुकडा लोंबता बांधावा. पट्टीवरून ओघळणारे पाणी सुतळीवरून खाली गळते, अंथरुणात येत नाही. डास पातळ कापडातून खालूनही चावतात, म्हणून सगळ्या बाजूंनी बंद होणारी मच्छरदाणी घ्यावी.

हे सगळे मी घरच्या आवारात, आंबा आणि चिकूच्या मध्ये, जानेवारीभर गिरवले. शेजारचे गच्चीवरून पाहत. "अहो, रस्त्यावरून लोक बघतात," हे रोजचे. पण घरी सराव करण्याला आधार आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले, की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा अधिक जागा राहतो, जणू पहारा देतो. नवी जागा आणि नवे अंथरूण असे दोन्ही एकाच रात्री नको. आधी दुपारची अर्धा तास वामकुक्षी, मग अर्धी रात्र, मग पूर्ण. दुसऱ्या बाजूला, हेलकाव्याने झोप लवकर लागते, हे जिनिव्याच्या संशोधकांनी २०११ साली दुपारच्या झोपेवर तपासले. चार सेकंदांत एक असा मंद झोका होता. माणसे मोजकीच होती आणि झोका पलंगाला होता, झोळीला नव्हे. पण पाळण्याची दोरी ओढणाऱ्या आजीला हे कुणी शिकवावे लागले नाही.

आत जाण्याची रीत सांगतो, कारण पडणे तिथेच होते. झोळीकडे पाठ करून उभे राहा, दोन्ही हातांनी कापड मागे पसरा, मध्यभागी हळू बसा. पट्टीने ओझे धरले याची खात्री झाली, की मग पाय आत. बाहेर येताना याच्या उलट: आधी आडवे होऊन दोन्ही पाय जमिनीवर, मग मिनिटभर तसेच बसणे. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना एकदम उठल्यास भोवळ येते, आणि आमच्या वयाच्या पुरुषांना रात्री एकदा तरी उठावे लागतेच. टॉर्च खिशात ठेवावा, आणि बूट जमिनीवर न ठेवता वर टांगावेत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन कसे जीव वाचवते हे दाखवून दिले, हे खरे. तरी बुटातला विंचू झटकून टाकणे अधिक स्वस्त.

फिट येणाऱ्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी, पाठीची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी, पायात कळ उतरते आहे अशा सायटिकाच्या पेशंटांनी, दिवस भरत आलेल्या गरोदर बायकांनी झोळीत निजू नये. दारू घेऊन तर नाहीच. तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी आहे: त्याला सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे निजवणे सुरक्षित. साडीच्या झोळीत मान छातीवर वाकून श्वास कोंडू शकतो. थोडी मोठी मुले झोळीला पीळ घालून खेळतात, आणि तो पीळ गळ्याला बसतो. मोठ्यांची नजर नसेल तेव्हा झोळी सोडून ठेवावी.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा बामणोलीला गेलो. तेच रान, तोच आंबा, तीच जांभूळ. पुतण्या पट्टी ओढायला लागला, तेव्हा मीच म्हटले, "सैल सोड." शेकोटी विझेपर्यंत गप्पा झाल्या. घोंगडी खाली, टोपी कानांवर, गुडघ्यांखाली टॉवेलची गुंडाळी, आणि मी तिरका. साडेतीनला एकदा उठलो, पाय टेकले, मिनिटभर चांदण्या पाहत बसलो, जाऊन आलो आणि परत निजलो. त्यानंतर जाग आली ती पाण्यावरच्या पक्ष्यांच्या गलक्याने. चहा अजून उकळत होता. पाठीत नेहमीची सकाळची थोडी कळ होतीच, ती घरच्या गादीवरही असते. पण कूस, गुडघे, टेकू यातले काही लागले नाही. माझ्या आधी उठून बसलेला एकच माणूस होता, पुतण्या. तो जमिनीवर निजला होता आणि कंबर चोळत होता. पुढच्या खेपेला दुसरी घोंगडी आणायची, असे त्यानेच ठरवले.